मदत हवी आहे: शेततळ्यातील जंबो कोळंबी वाढत नाही, दर चौरस मीटरला किती बीज सोडावे?

शेततळे_मुरबाड: नमस्कार. मी ठाण्यात राहतो. शेत मुरबाड तालुक्यात आहे. ऑगस्टमध्ये तळ्यात गोड्या पाण्यातील जंबो कोळंबीचे बीज, म्हणजे लहान पिल्ले, सोडली. पाच महिने झाले, तरी पाग (फेकायचे जाळे) टाकल्यावर निळ्या नांग्यांचे दोन-चार नर ८० ग्रॅमच्या आसपास भरतात आणि बाकीचा माल १० ते १५ ग्रॅमवरच अडकलेला दिसतो. संख्याही फार घटली आहे. खाद्य वेळेवर पडते, पाणी चांगले आहे. पुढच्या बीजाची मागणी याच आठवड्यात नोंदवायची असल्याने कृपया नेमका आकडा लवकर सांगावा.

ऐरोलीकर: किती बीज सोडले, तळे केवढे आहे, तळाला माती आहे की प्लास्टिक, आणि बीज थेट सोडले की आधी संगोपन तळ्यात वाढवले, हे कळल्याशिवाय आकडा कसा सांगणार?

खाडीकाठ_पनवेल: माझ्या अनुभवाने बीज भरपूरच सोडावे. मर होणारच, हे गृहीत धरूनच मी दरवर्षी जास्त सोडतो आणि एकूण वजन चांगले निघते.

शेततळे_मुरबाड: तळे ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, प्लास्टिकचा कागद अंथरलेला. बीज १२,००० होते आणि ते थेट तळ्यात सोडले. बीज देणाऱ्याने पाण्याचे लिटर मोजून एवढे सहज मावेल असे सांगितले होते.

जलचर_ठाणे: दुखणे इथेच आहे. कोळंबी माशासारखी पाण्याच्या सगळ्या थरांत पसरून राहत नाही, ती तळाशी वावरते. त्यामुळे तिची दाटी लिटरवर न मोजता तळाच्या क्षेत्रफळावर मोजावी लागते. तुमच्या तळ्याच्या बाजू उतरत्या असणार. तळ २१ बाय २१ मीटर धरला, तर ४४१ चौरस मीटर होतात, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे २७ पिल्ले झाली. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) नसलेल्या साध्या तळ्यात, फक्त कोळंबीच असेल तर २ ते ५ पुरेत. कटला-रोहूसोबत त्याहूनही कमी. तळाचे माप टेपने पुन्हा घ्या.

खाडीकाठ_पनवेल: एवढ्या कमी बिजात खर्च तरी निघेल का? जास्त बीज सोडले की एकूण वजन वाढते, हे मी स्वतः पाहिले आहे.

जलचर_ठाणे: एकूण वजन काही मर्यादेपर्यंत वाढते, हे मान्य, पण सरासरी आकार घटतो आणि जगण्याचे प्रमाणही खाली येते. या कोळंबीला भाव नगाच्या आकारावर मिळतो. १२ ग्रॅमचे शंभर किलो आणि ५० ग्रॅमचे साठ किलो यांची तुलना वजनकाट्यावर करून चालणार नाही, ती बाजारात करावी लागते.

कुर्ला_मत्स्यालय: कोळंबीचा नाद सोडा आणि ऑस्ट्रेलियन रेडक्लॉ क्रेफिश पाळा. त्याची पिल्ले मादीच्या शेपटीखालीच वाढतात, कोळंबीसारखी खाऱ्या पाण्याची हॅचरी (पिल्ले तयार करण्याची जागा) लागत नाही.

ऐरोलीकर: ती परदेशी जात आहे; परवानगीशिवाय उघड्या तळ्यात सोडणे योग्य नाही. पावसाळ्यात तळे भरून वाहिले की ती ओढ्यानाल्यांतून थेट काळू नदीत जाईल. शिवाय दाटीत क्रेफिशही एकमेकांना खातो, त्यामुळे मूळ अडचण तशीच राहते.

मूळ प्रश्नाबद्दल सांगायचे तर, निळ्या नांग्यांचा नर तळ्यातील दादा असतो आणि त्याच्या दबावाखाली लहान नर खुजे राहतात. माझ्या तळ्यात एका पहाटे मी टॉर्च लावून पाहिले, तेव्हा नुकतीच कात टाकलेली, ओल्या कागदासारखी मऊ कोळंबी कोपऱ्यात पडली होती आणि तिघी तिचे पाय तोडत होत्या. प्लास्टिकवर तिला लपायला काहीच नव्हते. तेव्हापासून मी नारळाच्या झावळ्या आणि जुन्या जाळ्यांचे गुंडाळे तळाशी सोडतो, आणि मोठ्या छिद्रांच्या जाळ्याने मोठे नर वेळोवेळी काढून विकतो. ते गेले की मागचे लहान नर वाढीला लागतात. तुमच्याकडे सध्या थंडीही आहे. पाणी २८ ते ३१ अंशांवर असताना जी वाढ होते, ती आता होणार नाही, म्हणून सगळा माल घाईने उपसू नका.

जलचर_ठाणे: झावळ्यांबाबत सहमत आहे, मात्र त्या कुजून प्राणवायू खातात, दर काही आठवड्यांनी बदलाव्यात. पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो, तेव्हा कोळंबी काठाशी गोळा होते का, ते पाहा.

शेततळे_मुरबाड: होय, काठाशी येते. मला वाटत होते की ती खाद्यासाठी येते. या रविवारी मोठे नर काढतो, जाळ्यांचे गुंडाळे सोडतो आणि तळ मोजतो. पुढच्या वेळी २,००० पिल्लेच घेईन, तीही आधी लहान हाप्यात (तळ्यात लावलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात) वाढवून. हापा किती दिवस ठेवावा?

ऐरोलीकर: साधारण महिना ते दीड महिना. मात्र हाप्यातही दाटी होऊ देऊ नका आणि त्यातही जाळ्यांचे तुकडे टांगा.