दाखवायलाच हवं का? (सोसायटी ग्रुपवरची शनिवारची चर्चा)

ब-१०१, सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. यंदाच्या स्नेहसंमेलनात 'आपले छंद' असा एक तास ठेवतोय. जे कोणी चित्रं काढतात, वाजवतात, विणतात, लिहितात त्यांनी दोन मिनिटांचा व्हिडिओ करून इथे टाकावा. सगळ्यांनी मतं द्यायची, पहिल्या तिघांना बक्षीस. अ-५०२ ताई, तुमचं नाव मी धरूनच चाललोय. दुसरं नाव गच्चीवर बासरी वाजवणाऱ्या आजोबांचं.

अ-५०२, ताई: सेक्रेटरी साहेब, आठवणीनं नाव घेतलंत, बरं वाटलं. पण माझं नाव काढा. चित्रं मी आता कुणाला दाखवत नाही. रागानं म्हणत नाहीये.

क-२०३, वहिनी: अगं ताई, असं काय! रोज टाकायचीस तेव्हा मी आवर्जून बघायचे. चित्रं काढणं सोडलंस की काय?

अ-५०२, ताई: काढणं नाही सोडलं. रोज काढते. दाखवणं सोडलं.

ब-४०४, दादा: ताई, स्पष्ट बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. कला कपाटात ठेवून काय उपयोग? मी तबल्यावर हात बसवला तो कार्यक्रमाची तारीख ठरली म्हणून. तारीख नसती तर रोज दोन तास बसलोच नसतो. समोर माणसं असली की जे हातातून निघतं ते घरी निघत नाही.

अ-५०२, ताई: दादा, तुमचं तुमच्यापुरतं खरं आहे. माझं काय झालं ते सांगते, नाहीतर उगाच भाव खातेय असं वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी मी रोज एक चित्र टाकायला लागले. पहिले दोन महिने मजेत गेले. समोर दिसेल ते काढायचे. दारातल्या चपला, खुर्चीवर टाकलेला टॉवेल, वाळत ठेवलेली छत्री. मग लक्षात आलं की चेहरा काढला की लोक भरभरून लिहितात, आणि छत्रीला चार अंगठे येतात. मला कुणीही काही सांगितलं नव्हतं, पण हात आपोआप चेहऱ्यांकडे वळला. त्यातही डोळे जरा मोठे, बाहुलीत पांढरा ठिपका, कारण मोबाइलच्या पडद्यावर तेच उठून दिसतं. सहा महिन्यांत एक चप्पल काढली नव्हती मी. आणि चपला काढायला मला फार आवडतं. टाचेखालची झीज, अंगठ्याचा खळगा, पट्ट्याला पडलेली मोड. माणूस समोर नसतो आणि तरी सगळा दिसतो.

पुढेपुढे तर कागदावर रेघ उमटायच्या आधीच चित्राखाली काय लिहायचं ते मनात तयार असायचं. पूर्वी एखादी रेघ चुकली की ती का चुकली हे बघण्यात अर्धा तास जायचा, आणि तो माझा सगळ्यात आवडता अर्धा तास होता. आता चुकलं की एवढंच वाटायचं, आज टाकायला काही नाही. ज्यानं दिवसाचा शीण जायचा तेच दिवसातलं आणखी एक काम होऊन बसलं.

मग बाबा आजारी पडले. रात्री मी त्यांच्या उशाशी बसायचे. झोपेत त्यांचा हात पांघरुणाबाहेर यायचा. तो काढत बसले. एका रात्रीत एकच बोट, कधी तेही पुरं नाही. नखाजवळची कातडी, सांध्यावरच्या वळ्या, मनगटावरची शीर. ६बी पेन्सिल होती, फार मऊ असते ती, त्यामुळे माझाच तळहात घासून कागदावर काळा पट्टा उमटला. तो मी पुसला नाही. त्या हाताची अकरा पानं आहेत माझ्याकडे. त्यातलं एखादं टाकावं असं एकदाही मनात आलं नाही. घरी आल्यावर मी पहिल्यांदा दारातल्या चपलेचं चित्र काढलं.

बाबा आता बरे आहेत. वही त्यांनीही पाहिलेली नाही.

अ-३०१, काकू: बाबांना नमस्कार सांग गं. वाचताना डोळे भरून आले.

क-२०३, वहिनी: ताई, मी दोनदा वाचलं. आमची लेक सात वर्षांची आहे आणि तिचं प्रत्येक चित्र मी टाकते, तुम्ही सगळे बघताच. परवा चित्र संपवून तिनं मला विचारलं, "आई, हे टाकण्यासारखं झालंय का?" तेव्हा मला तिचं कौतुक वाटलं होतं. आता पोटात कसंतरीच होतंय.

क-३०४ (मानसशास्त्राची विद्यार्थिनी): वहिनी, यावर एक जुना आणि फार प्रसिद्ध प्रयोग आहे. १९७३ मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी केला होता. बालवाडीतली ३ ते ५ वर्षांची मुलं, आणि तीसुद्धा ज्यांना रंगीत स्केचपेननं चित्रं काढायला मुळातच आवडायचं अशी. त्यांचे तीन गट केले. पहिल्याला आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्याला काही न सांगता चित्र झाल्यावर अचानक तेच दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेन नुसते ठेवून दिले आणि कोण आपणहून चित्रं काढतंय ते बघितलं. बक्षीस ठरवून घेतलेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांपाशी थांबली. आणि बक्षिसासाठी काढलेली त्यांची चित्रंही पाहणाऱ्यांना कमी प्रतीची वाटली होती.

ब-४०४, दादा: म्हणजे स्पर्धा, परीक्षा, शाबासकी सगळं गुंडाळून ठेवायचं?

क-३०४: नाही दादा. दुसऱ्या गटाचं काहीच बिघडलं नाही, हे महत्त्वाचं आहे. बक्षीस त्यांनाही मिळालंच की. फरक एवढाच की काढत असताना ते त्यांच्या डोक्यात नव्हतं. शिवाय ही मुलं आधीपासून चित्रांत रमणारी होती. ज्याला अजून गोडीच लागलेली नाही त्याला सुरुवातीला थोडं आमिष दाखवणं वेगळं.

अ-५०२, ताई: हेच. मला इतके दिवस शब्दांत सांगता येत नव्हतं. झाल्यावर कुणी पाहिलं तर माझं काही जात नाही. काढताना कुणी डोक्यात येऊन बसलं की जातं.

अ-३०१, काकू: तुम्ही सगळे जाणकार आहात. माझा प्रश्न निराळाच आहे. मला काही येतच नाही. भाचीनं जलरंग आणून दिले, ते वर्षभर तसेच पडून आहेत. साठी उलटल्यावर शिकायला बसले आणि झाडासारखं झाड आलं नाही तर कुणाला काय सांगायचं, असं वाटतं.

क-३०४: काकू, कुणाला काहीच सांगायचं नाही! २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ प्रौढ माणसांना ४५ मिनिटं माती, रंगीत पेनं आणि कागदाचे कपटे देऊन हवं ते करायला सांगितलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक. सुमारे ७५ टक्के लोकांत ते कमी झालं होतं. आणि ज्यांना कलेचा सराव होता नि ज्यांना अजिबात नव्हता, त्यांच्यात काही खास फरक आढळला नाही. अभ्यास लहान आहे, तुलनेला दुसरा गटही नव्हता, त्यामुळे त्यावर फार मोठे इमले बांधायला नकोत. पण झाड झाडासारखं आलंच पाहिजे अशी अट तुमच्या शरीरानं घातलेली नाही, एवढं नक्की म्हणता येईल.

ब-२०२, सर: विषय निघालाय म्हणून लिहितो. व्हिव्हियन मायर हे नाव काहींनी ऐकलं असेल. लोकांची मुलं सांभाळायचं काम तिनं जवळजवळ चाळीस वर्षं केलं, मुख्यतः अमेरिकेतल्या शिकागोत. रिकाम्या वेळात गळ्यात कॅमेरा अडकवून रस्त्यांवर फिरायची. २००७ मध्ये, भाडं थकल्यामुळे, तिनं भाड्यानं घेतलेल्या गोदामातलं सामान लिलावात गेलं आणि त्यात निगेटिव्हची खोकीच्या खोकी निघाली. एकूण मोजदाद १ लाखाच्या वर जाते. २००९ मध्ये ती गेली. आज जगभर तिची प्रदर्शनं भरतात, हयातीत मात्र तिनं ही छायाचित्रं कुणाला फारशी दाखवलीच नव्हती.

ब-४०४, दादा: सर, हे तर माझ्या बाजूचं उदाहरण झालं. तो लिलाव झाला नसता तर केवढं नुकसान!

ब-२०२, सर: आपलं नुकसान, हो. तिचं झालं असतं का, हा मला सतावणारा प्रश्न आहे. शेकडो रोल तिनं धुतलेसुद्धा नव्हते. म्हणजे छायाचित्र कसं आलं हे तिनं स्वतःही पाहिलेलं नाही.

अ-५०२, ताई: सर, पैसे नसतील हो. रोल धुणं फुकटात होत नाही, आणि इथे तर जागेचं भाडंसुद्धा थकलं होतं. तिच्या गप्प राहण्यातून आपल्याला हवा तो अर्थ काढू नये असं मला वाटतं. पण पुढचा रोल घालून ती पुन्हा बाहेर पडत राहिली, हे तर खरंच ना? त्यापुढे मी काही म्हणणार नाही.

मला अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन जवळची वाटते. सुमारे १८०० कविता लिहिल्या तिनं, हयातीत छापल्या गेल्या त्या दहाच्या आसपास. बऱ्याचशा कविता स्वच्छ अक्षरात उतरवून, कागद दुमडून, सुई-दोऱ्यानं शिवून लहान वह्या केल्या होत्या. १८८६ मध्ये ती गेल्यावर बहिणीच्या हाती लागल्या. पण ती अगदीच दडवून ठेवायची असंही नाही. वहिनीला, स्नेह्यांना पत्रांतून कविता पाठवायची. कुणाला दाखवायचं हे तिचं तिनं ठरवलं होतं. शिवणाऱ्या हातांचा विचार मी पुष्कळदा करते. छापायचं नसताना कुणी पानं इतकी नीट का शिवेल?

गच्चीवरचे आजोबा (ड-६०१): मला टाइप करायला वेळ लागतो, म्हणून उशिरा लिहितोय. माझंही नाव यादीत आहे असं कळलं.

बासरी मी निवृत्तीनंतर हातात घेतली. सहा भोकं, त्यात काय एवढं असं वाटलं होतं. पहिले काही दिवस नुसती फुंकर, आणि चक्कर. मग मधले सूर निघाले. पण सहाही भोकं झाकून जो खालचा पंचम निघतो तो पाच महिने मला दाद देईना. उजव्या अनामिकेच्या पेराखालून जराशी हवा निसटायची आणि सूर फाटायचा. जोर लावला की आणखी फाटायचा. एका पहाटे जोर लावायचा कंटाळा आला म्हणून हळूच फुंकलं आणि तो निघाला. बोटांना कंप जाणवला, बांबू आतून बोलतोय असा. गच्चीवर कुणी नव्हतं. खाली जाऊन कुणाला सांगावंसंही वाटलं नाही. अर्धा तास तोच एक सूर फुंकत बसलो. आयुष्यात फार थोड्या वेळा इतका आनंद झालाय मला.

आता दुसरी गोष्ट. मागच्या महिन्यात मी वाजवणं थांबवलं तेव्हा खालच्या कुठल्याशा खिडकीतून टाळ्या आल्या. प्रेमानंच वाजवल्या असणार, माझी काही तक्रार नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी बसलेली धूनच वाजवतोय. खालच्या पंचमाकडे गेलो नाही. फाटला असता तर ऐकू गेला असता ना. ताईंचं वाचेपर्यंत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

ब-४०४, दादा: आजोबा, टाळ्या मी वाजवल्या होत्या.

गच्चीवरचे आजोबा (ड-६०१): अरे, मग तुला आशीर्वादच आहे.

ब-४०४, दादा: तुमचं वाचून मगाशी तबल्याकडे बघत बसलो होतो. गेला कार्यक्रम होऊन दोन महिने झाले, अजून गवसणी काढलेली नाही. कुणी बोलावलेलं नसताना, कशासाठीही नाही, असा शेवटचा कधी वाजवला ते खरंच आठवत नाही. मी मंचावरचा माणूस आहे, ते काही बदलणार नाही, आणि समोर दाद देणारा असला की येणारी ती झिंग मला हवीच आहे. पण लहान होतो तेव्हा टेबलावर बोटं वाजवत बसायचो. त्यासाठी ओरडा खायचो. तेव्हा कुठला आलाय मंच.

अ-५०२, ताई: दादा, तुम्ही मंच सोडावा असं माझं म्हणणं नव्हतंच. तुमच्या तबल्याला ऐकणारा लागतो, आणि ऐकणाऱ्यालाही तुम्ही काही देता. पण टेबलावरची ती बोटं जपा.

अ-३०१, काकू: मी रंगांची पेटी काढली. निळा सुकून दगड झालाय. पाणी घालून ठेवलंय.

ब-१०१, सेक्रेटरी: सगळं वाचलं. व्हिडिओ आणि मतांची कल्पना मी मागे घेतो. ज्यांना मंचावर काही सादर करायचंय त्यांच्यासाठी वेगळी वेळ ठेवू, दादा, ते तुम्ही बघा. आणि दर रविवारी संध्याकाळी ५ ते ६ हॉल उघडा ठेवतो. ज्याला जे करायचंय ते घेऊन यावं आणि करत बसावं. एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. चालेल का?

अ-५०२, ताई: चालेल काय, मी येतेच. काकू, माझ्या शेजारी बसा.

गच्चीवरचे आजोबा (ड-६०१): मी हॉलमध्ये येणार नाही, बाकीच्यांना आवाजाचा त्रास होईल. पहाटे गच्चीवरच वाजवीन. खालचा पंचम लावणार आहे उद्या.

ब-४०४, दादा: लावा आजोबा. खिडकी बंद ठेवतो.

क-२०३, वहिनी: लेक मघापासून आतल्या खोलीत चित्र काढतेय, दार लोटून घेतलंय. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. काय काढतेयस म्हणून विचारलं नाही.

ब-१०१, सेक्रेटरी: हॉलच्या किल्ल्या ब-१०१ मधून घ्याव्यात. टेबलं चारच आहेत, ज्यांना खाली बसता येतं त्यांनी चटई आणावी.