नांगराचा घाव की माणसाचा?
शेतात सापडलेल्या चकमकीच्या दगडाला (ठिणगी पाडणाऱ्या कठीण दगडाला) ‘धारदार कड दिसली की ते जुन्या काळच्या माणसाने घडवलेलं हत्यारच’ असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटलं. नांगराच्या फाळानेही चकमकीचा दगड फुटतो आणि कड तितकीच तीक्ष्ण निघते. म्हणून आधी रंग बघा. हजारो वर्षं मातीत राहिलेल्या चकमकीवर बहुधा पांढुरका किंवा निळसर थर चढतो. ताज्या घावात मात्र आतला काळा-करडा दगड उघडा पडतो, कधी लोखंडाचा तांबूस ओरखडाही दिसतो. माणसाने ठोकून काढलेल्या छिलक्यावर (दगडाच्या पातळ तुकड्यावर) घावाच्या जागेखाली हलका फुगवटा आणि तिथून पसरणारे तरंग असतात. थंडीने तडकलेल्या दगडावर हा फुगवटा नसतो.

आणि सापडलेला तुकडा तारेच्या ब्रशने घासू नका (हौशी लोक हमखास घासतात). कडेवरची वापराने झालेली झीज सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्या हत्याराने कातडं खरवडलं की लाकूड, याचा अंदाज बांधता येतो; घासलं की ही खूण बिघडते.