मदत हवी आहे: सायनोटाइपसाठी स्वस्तातला यूव्ही लाइट कुठला घेऊ?

नमस्कार मंडळी, उन्हाळाभर गच्चीवर सायनोटाइप (रसायन लावलेल्या कागदावर उन्हात उमटणाऱ्या निळ्या प्रिंट) केले, मे महिन्यात आठ-दहा मिनिटांत प्रिंट व्हायची, आता पुण्यात पावसाने असा मुक्काम ठोकलाय की चाळीस मिनिटं ठेवूनही धुताना निम्मा निळा वाहून जातो. परवा तर मधेच सर आली, काच उचलून पळेपर्यंत पिंपळाचं पान सरकलं आणि कागदावर थेंबांचे डाग. म्हणून आता घरातच लाइट बसवायचाय, बजेट दोन-अडीच हजार, त्याच्या वर गेलो तर घरी बोलणी बसतील.

दोन पर्याय डोक्यात आहेत. एक, मिठाईच्या दुकानात माशा मारायच्या मशीनमध्ये असतात त्या निळसर ट्यूब, ३६५ नॅनोमीटरच्या आसपासच्या, चार-सहा शेजारी शेजारी लावायच्या, उजेड सगळीकडे सारखा पडेल पण चोक-होल्डरचं वायरिंग आलं. दुसरा ३९५ चा एलईडी फ्लडलाइट, ५० वॅटचा, नुसता प्लग लावला की झालं. सायनोटाइपला ३९५ चालतं हे माहितीये, पण माझ्या निगेटिव्ह ए४ आहेत, इंकजेटवर ओएचपी शीटवर काढलेल्या, मधे गडद आणि कडा फिक्या असं होईल का? किती उंचीवर टांगता तुम्ही? पुढे व्हॅन डाइक ब्राउन (अशाच पद्धतीची तपकिरी प्रिंट) पण करायचंय.

जंतू मारायच्या यूव्ही-सी ट्यूबचा सल्ला कृपया नको, ती साध्या काचेतून जातच नाही आणि मला डोळे शाबूत हवेत.

कोणी फ्लडलाइटवर ए४ काढली असेल तर एक्स्पोजर टाइम सांगा, फोटो टाकलात तर फारच छान.