रि: रि: ११ तारखेची मिरवणूक – वेळ बदलायची का?

प्रेषक: सचिव, उत्सव समिती
मंडळी, टाउनशिपमधून फोन आला होता. परवानगी कायम आहे, पण "वेळेचं जरा बघा" म्हणाले. यंदा चतुर्थी नेमकी शनिवारी, ११ सप्टेंबर २०१० ला. आपली मिरवणूक सकाळी १० ते ११. २००१ च्या हल्ल्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरचा दुसरा टॉवर याच तारखेला १०:२८ ला कोसळला, म्हणजे ऐन ढोल रंगात आलेले असताना. फायरहाउससमोर त्यांचा स्मृतीचा कार्यक्रम आहे. इकडे गुरुजींना पुढे आणखी दोन पूजा आहेत आणि हॉल दुपारी ३ ला रिकामा करायचाय. सोमवारपर्यंत कळवा. कृपया फक्त वेळेबद्दल लिहा.

प्रेषक: अविनाश
वेळेचं बघू हो. आपल्या टेबलावर सह्यांचा कागद ठेवायचं ठरलं होतं, त्याचं काय झालं? मॅनहॅटनमध्ये पार्क प्लेसवर होऊ घातलेल्या त्या १३ मजली मशिदीविरुद्धचा. जिथे पावणेतीन हजार माणसं गेली तिथून दोन ब्लॉकवर! कायद्याने हक्क आहे, मान्य. पण जनाची नाही तर मनाची? ज्यूंविरुद्धच्या द्वेषाशी लढणाऱ्या अँटी-डिफेमेशन लीगनेसुद्धा जागा बदला म्हटलंय.

प्रेषक: सुनील
काही ठरलं नव्हतं. तुम्ही विषय काढलात आणि वडे आले. बाकी तिथे पोहण्याचा तलाव, ५०० खुर्च्यांचं सभागृह असं सगळं होणार आहे, नमाजाची जागा त्यातला एक भाग. तिथल्या वस्तीच्या सल्लागार मंडळात, म्हणजे कम्युनिटी बोर्डात, मेमध्ये २९ विरुद्ध १ मत पडलं, १० तटस्थ. ३ ऑगस्टला शहराच्या जुन्या वास्तू जपणाऱ्या लँडमार्क्स कमिशनने ९-० ने वाट मोकळी केली. नमाज तर त्या इमारतीत गेल्या वर्षापासून चालू आहे, तेव्हा कोणाच्या पोटात दुखलं नाही. जवळच्याच वॉरन स्ट्रीटवरची मशीद १९७० ची. टॉवरांचं उद्घाटन १९७३ चं.

प्रेषक: सुलभा
ती इमारत म्हणजे बर्लिंग्टन कोट फॅक्टरीचं जुनं दुकान ना? पहिल्या हिवाळ्यात निखिलचा कोट तिथूनच घेतला होता, वाढत्या अंगाचा, बाह्या दोनदा दुमडून. त्या दिवशी विमानाच्या चाकाचा सांगाडा त्याच छपरातून आत पडला. मी तेव्हा चर्च स्ट्रीटला नोकरीला होते. फेरीने जर्सी सिटीला उतरलो तेव्हा एका पोलिसाने माझ्या केसांवर पाण्याची बाटली ओतली. माझ्या नावाने कोणी सह्या गोळा करू नयेत, बाजूने नको नि विरुद्धही नको. मोदकांचं सारण मी करते आहे, उकड कोण करणार?

प्रेषक: नाना
अविनाश, आमच्या देवळाच्या सुनावण्या तुम्ही पाहिल्या नाहीत, तुम्ही नंतर आलात. आधी पार्किंग, मग ट्रॅफिक, मग सांडपाणी. शेवटी एक आजीबाई माइकवर येऊन म्हणाल्या, रात्री घंटा वाजणार का? मी उभा राहून सांगितलं की आमचा देव साडेआठला झोपतो. हॉल हसला आणि पुढची तारीख पडली! २००० साली धर्मस्थळांच्या जमिनीचा केंद्रीय कायदा आला, त्याचा फायदा आपल्यालाही आहे, विसरू नका.

प्रेषक: अविनाश
नाना, तुलना चुकते आहे. आपल्या कोणी विमानं घातली नव्हती. आणि सीडर स्ट्रीटवरचं ग्रीक चर्च टॉवरखाली चिरडलं गेलं, त्यांची टॉवरांच्या जागेची मालक असलेल्या पोर्ट ऑथॉरिटीशी बोलणी गेल्या वर्षी फिसकटली. त्यांच्यासाठी न्यूयॉर्कचे महापौर गव्हर्नर्स बेटावर जाऊन भाषण करत नाहीत, मशिदीसाठी केलं तसं.

प्रेषक: नाना
मग चर्चसाठी सह्या घ्या, पहिली माझी. आणि ही मशीद बांधू पाहणाऱ्या इमामांनी घातली होती का विमानं?

प्रेषक: लिस्ट व्यवस्थापक
राजकारण नको, नियम क्र. ४. गेल्या वर्षी क्रिकेटवरून काय झालं ते आठवा. पुढची ईमेल अडवली जाईल.

प्रेषक: सुनील
अडवा. पण अविनाशना एकच विचारतो, किती ब्लॉक लांब चालेल? पाच? दहा? कारण इथे आपणही तेच मोजतो आहोत. मिरवणूक ९ ला घ्यावी तर टॉवरांवर विमानं आदळली त्या ८:४६ आणि ९:०३ च्या अंगावर येते, साडेनऊला ९:३७ चं पेंटॅगॉन, मग ९:५९ ला पहिला टॉवर, १०:०३ ला चौथं विमान, १०:२८ ला दुसरा टॉवर. अख्खी सकाळ गेली. शुक्रवारच्या सुमाराला ईद येते आहे, त्यांनाही हाच हिशेब पडलाय.

प्रेषक: अविनाश
मिनिटं आणि ब्लॉक एक नव्हेत. मिरवणूक तासाभरात उठते, इमारत शंभर वर्षं राहते. वेळ १०:४५ करा, माझी हरकत नाही.

प्रेषक: सचिव, उत्सव समिती
गुरुजींशी बोलले. मिरवणूक १०:४५, पूजा ११:३०, दुसरे यजमान थांबायला तयार आहेत. सह्यांचा कागद टेबलावर येणार नाही, कोणाला पार्किंगमध्ये उभं राहायचं असेल तर आपापल्या नावाने. लेझीमची पोरं १० ला हॉलमध्येच बसवा, बाहेर सोडू नका. उकडीसाठी अजून दोन हात हवेत. आणि ताशाच्या काड्या गेल्या वर्षीपासून कोणाच्या गाडीच्या डिकीत आहेत? तीन ईमेल झाल्या, कोणी बोलत नाही.