नागपुरात बर्डीवर अनोळखी माणूस पैसे मागतो तेव्हा थांबायचं की नाही?

बजाजनगरची आई
माझी मुलगी १९ वर्षांची आहे. परवा संध्याकाळी साडेसातला ती सीताबर्डी इंटरचेंजला मेट्रोतून उतरली आणि मोर भवनच्या बसस्टँडकडे पायी निघाली. वाटेत एक जोडपं उभं होतं. बाईच्या कडेवर एक लेकरू, दुसरं हाताशी. ‘ताई, मराठी समजते का?’ असं त्या माणसानं विचारलं. समजते म्हटल्यावर थांबणं आलंच. वाशिमकडून बांधकामावर आलो, ठेकेदार मजुरी बुडवून पळाला, आम्ही भिकारी नाही, लेकरं सकाळपासून उपाशी आहेत. हिनं पर्स उघडून वीस रुपये काढले. आतली पाचशेची नोट त्याला दिसली आणि बोलणं बदललं. विसात काय होते, गावाला जायला पाचशे लागतात. तेवढ्यात आणखी एक माणूस येऊन हिच्या अगदी पाठीशी उभा राहिला. तो एक शब्द बोलला नाही. हिनं पाचशे देऊन टाकले आणि घरी येऊन रडत बसली.

मी तिला सांगून टाकलं आहे, यापुढे कोणी हाक मारली तरी थांबायचं नाही. मान खाली, पाय पुढे. ती मला विचारते, ‘आई, लेकरं खरंच उपाशी असली तर?’ माझं मत पक्कं आहे, पण या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही. तुम्ही तुमच्या मुलींना काय सांगता?

इतवारीतला दुकानदार
ताई, नियम बरोबर आहे, मोडू नका. दुकानावर बसून मी हे रोज पाहून राहिलो.

लेकरू कडेवर घेतलेली बाई येते. पैसे नको म्हणते, लेकराला दुधाच्या पावडरचा डबा घेऊन द्या म्हणते. माणसाला वाटते, पैसे तर मागत नाही, खरी गरज असेल. चार-पाचशेचा डबा घेऊन देतो. तोच डबा तासाभरात कमी भावात परत विकायला निघतो. माझ्याकडेच विकायला आणला होता, म्हणून सांगतो.

दुसरा प्रकार जास्त वाईट. चांगल्या कपड्यातला पोट्टा आला. काका, आई दवाखान्यात आहे, एटीएममध्ये पैसे नाहीत, दोन हजार कॅश द्या, आत्ता गुगल पेवर टाकतो. त्यानं मोबाईल दाखवला. हिरवी खूण, माझं नाव, रक्कम, सगळं बरोबर. साउंडबॉक्स बोलला नाही, पण गिऱ्हाइकांची गर्दी होती, मी ध्यान दिलं नाही. रात्री हिशेबाला बसलो तर पैसे आलेच नव्हते. पडद्यावरची हिरवी खूण खोट्या ॲपमधूनही दाखवता येते. आपल्या खात्यात जमा दिसल्याशिवाय नोट हातातून सोडू नका.

माझ्या भाच्याच्या बाबतीत तर पैसे खरेच आले होते! त्यानं बसस्टँडवर एकाला कॅश दिली, खात्यात तेवढेच जमा झाले. पंधरा दिवसांनी बँकेनं खातं गोठवलं. ते पैसे दुसऱ्या राज्यातल्या कोण्या फसवलेल्या माणसाचे होते आणि तिथल्या सायबर पोलिसांनी माग काढत काढत याचं खातं धरलं होतं. पगार अडकला, घराचा हप्ता चुकला. उपकार करायला गेला आणि आपण चोर नाही हे सिद्ध करत बसला. म्हणून म्हणतो, नाही म्हणजे नाही.

मेडिकलच्या फाटकाशी
दुकानदार भाऊ, तुमचं नुकसान खरं आहे, पण ‘थांबूच नका’ हे मला मान्य नाही.

आम्ही काही जण मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, फाटकाशी आठवड्यातून तीन संध्याकाळी जेवण वाढतो. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, तिकडून बालाघाट, छिंदवाड्याचे पेशंट इथे येतात. पेशंट आत वॉर्डात, नातेवाईक बाहेर चादर टाकून. आठ दिवसांचे पैसे घेऊन आलेला माणूस वीस दिवस अडकतो. तो हातात चिठ्ठी घेऊन उभा राहतो तेव्हा त्याची गोष्ट तुमच्या ठगाच्या गोष्टीसारखीच वाटते. वाटणारच. ठग खोटं बोलायला तीच गोष्ट निवडतो, जी या शहरात रोज खरी असते.

आता माझं सांगतो. २००९ साली गणेशपेठ स्टँडवर माझं पाकीट मारलं गेलं. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, यवतमाळची शेवटची गाडी उभी होती, वडील तिकडे दवाखान्यात होते. मी लोकांना तिकिटापुरते पैसे मागत फिरलो. पहिल्या माणसाला विचारताना जीभ वळेना. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. दुसरा म्हणाला, हट्टाकट्टा आहेस, काम कर. अकरा माणसं मोजली मी. बाराव्या बाईनं पैसे दिले नाहीत. ती मला घेऊन तिकीट खिडकीपर्यंत आली आणि तिकीट काढून माझ्या हातात दिलं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता, फक्त खातरजमा केली होती. तेवढंही बाकीच्या अकरांना जमलं नाही. ताई, तुमच्या मुलीला मान खाली घालायला शिकवू नका.

बजाजनगरची आई
दादा, तुमचं वाचून घशाशी आलं. पण एक सांगते. तुम्ही ज्या बाईची आठवण काढता, ती दिवसाउजेडी, स्टँडच्या गर्दीत, स्वतःच्या मर्जीनं खिडकीपर्यंत आली असेल. माझी पोरगी संध्याकाळी एकटी होती आणि तिच्या पाठीशी माणूस उभा होता. पुरुष थांबतो तेव्हा फार तर पाचशे जातात. बाई थांबते तेव्हा तिला आणखी दहा गोष्टींचा हिशेब करावा लागतो. तो हिशेब तुम्हाला कधी करावा लागला नाही, म्हणून ‘थांबा’ म्हणणं तुम्हाला सोपं जाते.

मेडिकलच्या फाटकाशी
दिवसाउजेडी नव्हती, रात्रीचे नऊ वाजले होते. पण बाकी तुम्ही म्हणता ते खरं आहे, मी ते धरलंच नव्हतं.

मिहानची रातपाळी
मी २६ वर्षांची, चार वर्षांपासून मिहानमधल्या कंपनीत शिफ्टला जाते. एकटीनं येणं-जाणं रोजचं. तुम्ही दोघंही ‘थांबायचं की नाही’ यावर भांडून राहिले. माझ्या अनुभवात थांबणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी चालता चालता ऐकते. समोरचा सोबत चालत आला तर मी उजेडाकडे वळते, मेडिकल स्टोअर, चहाची टपरी, मेट्रोचा गेट, जिथे माणसं आहेत तिथे. भुकेला माणूस टपरीपर्यंत येतो, कारण तिथे पोहे मिळतात. ज्याला पर्स पाहिजे असते तो उजेडात येत नाही. एवढ्यात सत्तर टक्के निवाडा होतो. (हा आकडा माझ्या मनातला आहे, कुठल्या पाहणीतला नाही.)

पर्स रस्त्यात उघडायचीच नाही. दहा-वीसच्या दोन-तीन नोटा मी जीन्सच्या पुढच्या खिशात सुट्या ठेवते. द्यायचं असेल तर त्या, नसेल तर तोंडानं स्पष्ट ‘नाही’. कारण सांगायचं नाही. ‘सुटे नाहीत’ म्हटलं की तो म्हणतो ‘स्कॅन करा’, आणि मग फोन बाहेर येतो. तुमच्या मुलीची चूक दयेची नव्हती. पर्स उघडली तिथे ती अडकली. आणि पाठीशी कोणी आलं की पहिलं काम म्हणजे बाजूला सरकून भिंत किंवा दुकान पाठीशी घ्यायचं, मग बोलायचं. मी हे स्वतः घाबरल्यावर शिकले.

फोनचंही सांगते. ‘दीदी, एक कॉल करू द्या, माझा बंद पडला.’ फोन हातात देऊ नका. नंबर विचारा, स्वतः लावा, स्पीकरवर टाका. आधी लोक काही आकडे दाबून कॉल फॉरवर्डिंग सुरू करायचे, मग बँकेचा ओटीपीचा कॉल त्यांच्याकडे जायचा. एप्रिल २०२४ पासून दूरसंचार विभागानं आकडे दाबून होणारं फॉरवर्डिंग बंद करायला लावलं, पण अनलॉक केलेला फोन घेऊन पळायला कोणता कोड लागतो?

महालातली आजी
मी ७२ वर्षांची आहे. माझ्याकडे पैसे मागायला कोणी आलंच नव्हतं. सकाळी देवळातून येताना दोघं मोटरसायकलवर आले, एकानं कार्ड दाखवलं, म्हणे आम्ही पोलीस आहो. आजी, पुढच्या गल्लीत एका बाईचा गळा कापून दागिने नेले, तुम्ही एवढं सोनं घालून काहून फिरता, काढा आणि रुमालात बांधा. मी पाटल्या काढल्या. त्यांनीच पुडी बांधून दिली, वरून म्हणे घरी जाऊनच सोडा. घरी सोडली तर आत गोटे. माझ्या सासूच्या पाटल्या होत्या त्या.

खरा पोलीस कोणाला रस्त्यात दागिने काढायला लावत नाही, हे मला मुलानं नंतर सांगितलं. आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून इथे सांगते, आपापल्या आयांना आजच सांगा.

आणि एवढं होऊनही माझ्या दारी भुकेला आला तर मी पोळीभाजी देते. जाळीच्या आतून देते. आधी दार सताड उघडत होती, आता उघडत नाही, एवढाच फरक. मला लुटलं ते दोघं उपाशी नव्हते. त्यांचा राग मी भुकेल्यावर काढू?

निवृत्त हवालदार
आजी, तुमचं वाचून वाईट वाटलं. हा प्रकार जुना आहे आणि म्हाताऱ्या बायांवरच होतो. कोणी साध्या कपड्यात पोलीस म्हणून आलं तर तिथेच ११२ लावा आणि विचारा. खरा असेल तर त्याला राग यायचं कारण नाही.

मुलीच्या बाबतीत माझं मत इथल्या सगळ्यांपेक्षा कडक आहे. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही आहे. मार्च २०२३ मध्ये नागपूरच्या पोलीस आयुक्तांनी कलम १४४ लावून चौकाचौकांत भीक मागायला बंदी घातली होती. सिग्नल मोकळे झाले, लोकांना हायसं वाटलं. तसंच सतत राहिलं तर पोरीबाळींना हा त्रास होणार नाही.

मेडिकलच्या फाटकाशी
हवालदार साहेब, तो महिना मला आठवतो. जी-२० ची बैठक होती, शहर रंगवून काढलं होतं. चौकातली माणसं गेली कुठे? आमच्या फाटकाशी ताटं वाढली. ज्या कायद्याचं नाव तुम्ही घेता, त्यात पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं डांबता येते, गुन्हा काय तर हात पसरला. दिल्लीत तोच कायदा लागू होता, २०१८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही बंदीची मागणी मान्य केली नाही, लोक गरिबीमुळे भीक मागतात असं म्हटलं. त्या मुलीला हात पसरणाऱ्याचा त्रास झाला नाही. पाठीशी उभा राहणाऱ्याचा झाला.

निवृत्त हवालदार
कायद्यावर आपलं जमणार नाही. शेवटच्या वाक्यावर मात्र जमलं. मागणं वेगळं, भीती घालून काढून घेणं वेगळं. दुसरी गोष्ट भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ मध्ये खंडणी म्हणून येते, रक्कम पाचशे असो की पाच लाख. ताई, ‘तिनं स्वतःच दिले’ असं समजून गप्प बसू नका. जागा, वेळ, माणसांचं वर्णन लिहून अर्ज द्या. तिथे मेट्रोचे कॅमेरे आहेत, आणि चित्रण कायम ठेवत नाहीत, म्हणून लवकर जा.

आणखी एक. लेकरं सोबत होती, तर १०९८ वर कळवा. लेकराला भीक मागायला लावणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७६ नं पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पुष्कळदा ते लेकरू त्या बाईचं नसते. पुष्कळदा असतेही, आणि ती बाईसुद्धा कोणाच्या तरी धाकात असते.

इतवारीतला दुकानदार
सगळं वाचलं. आजींच्या पाटल्यांचं वाचून जीव तुटला. पण मी दुकानातून कोणाला नगदी देणार नाही, हे पक्कं. समोरच्या शिवभोजन केंद्रात दहा रुपयांत थाळी मिळते, कोणी भूक म्हणाला तर तिथे पाठवतो आणि दहा रुपये त्या केंद्रवाल्याच्या हातात देतो. याच्यापुढे मला सांगू नका.

बजाजनगरची आई
आज दुपारी आम्ही दोघी अर्ज देऊन आलो. तिनं सगळं लिहिलं, पाठीशी उभ्या माणसाचा चौकड्याचा शर्ट, त्याच्या अंगाचा वास, पाचशे देताना तिचा हात कसा थरथरला ते. त्या माणसाचं वर्णन लिहिलं. बाईचं लिहायची वेळ आली तेव्हा पेन थांबलं. मी म्हटलं लिही. ती म्हणाली, ‘आई, मी पैसे दिले तेव्हा ती बाई माझ्याकडे पाहत नव्हती. ती पाठीमागच्या माणसाकडे पाहत होती.’ हे मला तिनं परवा सांगितलंच नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

बाहेर आल्यावर तिनं स्वतः १०९८ लावला. लेकरांची वयं विचारली तेव्हा तिला अंदाजानं सांगावं लागलं, एक दीड वर्षाचं, एक चार-पाचचं. मोठ्याच्या पायात चप्पल नव्हती, हे तिच्या ध्यानात होतं.

मान खाली घालायचा नियम मी मागे घेतला आहे. पर्सचा आणि उजेडाचा ठेवला आहे. दादा, तुमच्या वाढपाच्या तीन संध्याकाळी कोणत्या, तेवढं कळवा. तिनं विचारायला सांगितलं आहे.