'ॲनिमा': ॲल्बम मोठा की त्याची फिल्म?

मांडवीकाठ (पणजी)

रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचा गायक थॉम यॉर्क, त्याच्या 'ॲनिमा' ॲल्बमचा विषय निघाला की आपल्याकडचे रेडिओहेडवाले लगेच त्याच्या फिल्मच्या दिग्दर्शकावर, पॉल थॉमस अँडरसनवर येतात. फिल्म उत्तम आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. ॲल्बमचा निकाल फिल्मवरून लावला जातो, त्याच्याशी आहे. गाणी नऊ, फिल्ममध्ये तीन. उरलेल्या सहांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ॲल्बम जून २०१९च्या शेवटी आला. 'द इरेझर' (२००६) आणि 'टुमॉरोज मॉडर्न बॉक्सेस' (२०१४) यांच्यानंतर यॉर्कने एकट्याच्या नावावर केलेला हा तिसरा स्टुडिओ ॲल्बम. निर्माता नेहमीचाच, नायजेल गॉड्रिच. त्याच दिवशी नेटफ्लिक्सवर त्याच नावाची पंधरा मिनिटांची फिल्म आली. भुयारी रेल्वेत पेंगणारी कामकरी माणसं, आणि त्यांच्या डुलक्यांचाच नाच झालेला. यॉर्कला समोर एक बाई दिसते (दायाना रोंचोने, त्याची खऱ्या आयुष्यातली जोडीदार). तिचा डबा गाडीत राहतो आणि तो परत करायला हा धावत सुटतो. नृत्य दामिएन जालेचं, कॅमेरा दारियस खोंजीचा. गाणी या क्रमाने येतात: 'नॉट द न्यूज', 'ट्रॅफिक', शेवटी 'डॉन कोरस'.

आता ॲल्बमचा क्रम बघा. 'ट्रॅफिक' पहिलं, 'डॉन कोरस' चौथं, 'नॉट द न्यूज' सहावं. हा फरक लहान नाही. ॲल्बममध्ये 'डॉन कोरस' सात मिनिटांच्या 'ट्विस्ट'नंतर येतं. तोवर त्या फिरत्या ठेक्याने कान दमलेला असतो. मग ड्रम्स थांबतात, एका सिंथेसायझरवर यॉर्क जवळजवळ बोलायलाच लागतो. आयुष्य परत जगायला मिळालं तर, एवढाच विचार. आणि त्यापुढे आणखी पाच गाणी आहेत! जरा कुठे दिलासा मिळतोय असं वाटावं, तोच पुढचं गाणं तो काढून घेतं. शेवटचं 'रनवेअवे' तर सरळ अविश्वासावर संपतं.

फिल्मने हेच गाणं उचलून शेवटी ठेवलं. ती भेटते, पहाट होते, प्रागच्या फरसबंदी रस्त्यावरून दोघं चालतात, ट्राममध्ये बसतात. फार सुंदर दिसतं ते. पण आता लोकांना 'डॉन कोरस' हे प्रेमाचं गाणं वाटतं, आणि 'ॲनिमा' हा प्रेमात सुटका शोधणारा ॲल्बम वाटतो. मी ऐकलेल्या ॲल्बममध्ये सुटका कुठेच नाही. म्हणून मला वाटतं, आधी नऊ गाणी सलग ऐकावीत, पडदा बंद ठेवून.

वाळपईची

मांडवीकाठ भाई, तुमचा क्रमाचा मुद्दा मला पटतो. निष्कर्ष नाही पटत.

मी नाच शिकवते, त्यामुळे माझं ऐकणं पायापासून सुरू होतं. 'नॉट द न्यूज' मी फिल्मच्या आधी ऐकलं होतं आणि मला ते विस्कटलेलं वाटलं होतं. मग जालेने बसवलेल्या त्या माना बघितल्या. एक मान पडते, दुसरी उशिरा पडते, तिसरी पडता पडता सावरते. गाण्यातला ठेका नेमका तसाच आहे, प्रत्येक वेळी सम येणार असं वाटतं आणि ती किंचित सरकलेली असते. हे मला कुणी समीक्षा लिहून समजावलं नसतं. शरीराने समजावलं.

आणि नाच दिग्दर्शकाने वरून चिकटवला असं समजू नका. रेडिओहेडच्या २०११च्या 'लोटस फ्लॉवर' गाण्याच्या व्हिडिओत टोपी घालून एकटा नाचणारा यॉर्क आठवा, तो नाच वेन मॅकग्रेगरने बसवला होता. जालेने २०१८च्या 'सस्पिरिया'चं नृत्य केलं आणि त्या चित्रपटाचं संगीत यॉर्कचं. म्हणजे दोघं 'ॲनिमा'च्या आधी एका कामातून गेलेली माणसं आहेत. शिवाय यातली कित्येक गाणी ॲल्बम येण्याच्या आधीच मंचावर वाजली. तेव्हा यॉर्क आणि गॉड्रिचबरोबर तारिक बारी बसून मागे चित्रं चालवायचा. चित्राशिवायची 'मूळ' अवस्था तुम्ही म्हणता ती या गाण्यांना होती कधी? आमच्या सत्तरी तालुक्यात रणमाले या लोकनाट्यातलं गाणं आणि पाऊल वेगळं काढून दाखवा, नाही दाखवता येत.

सुखान्ताचं म्हणाल तर फिल्म पुन्हा बघा. शेवटी तो एकटाच जागा होतो. कुठली सुटका?

साऊंडवाला_म्हापसा

मी लग्नं, जत्रा, फेस्तं, जिथे बोलावतील तिथे साऊंड लावतो. दोघांनाही एकच विचारतो, ऐकलंत कशावर?

'ट्रॅफिक' फोनवर ऐकलं तर अर्धं गाणं कानापर्यंत पोचतच नाही. खालचा बेस त्या स्पीकरमध्ये मावत नाही. एकदा काम संपल्यावर रिकाम्या मैदानात, अठरा इंची सबवर (खास बेससाठीच्या स्पीकरवर) मी पूर्ण ॲल्बम लावला होता. 'ट्विस्ट' सुरू झालं आणि माझा हेल्पर, ज्याला रेडिओहेड म्हणजे काय ठाऊक नाही, वायरी गुंडाळायचा थांबला. हणजुण-वागातोरच्या किनाऱ्यांवरच्या ट्रान्स पार्ट्यांमुळे आम्ही आयुष्यभर हा तालाचा फेर ऐकत आलोय, एकच गोष्ट फिरत राहते आणि आत काहीतरी हळूहळू बदलत जातं. आपल्या कानाला ते शिकवावं लागत नाही. यॉर्क लांबलचक अर्धवट ट्रॅक पाठवायचा, गॉड्रिच त्यातले तुकडे कापून लूप करायचा, मग त्यावर शब्द चढायचे. ते कापकाम मोठ्या स्पीकरवरच ऐकू येतं.

फिल्म घरी टीव्हीवर बघितली, तर डोळे एवढे गुंतले की बेस चपटा आहे हेच कळलं नाही. नेटफ्लिक्सच्या आदल्या दिवशी ती निवडक आयमॅक्स थिएटरांत दाखवली होती. तसं बघायला मिळालं असतं तर मी कदाचित वेगळं बोललो असतो. आत्ता माझं मत मांडवीकाठ यांच्या बाजूने.

दुर्भाट

मी रॉकवाला नाही, मुलामुळे हे ऐकायला लागलो. पण चर्चेचा मूळ प्रश्न जुना आहे. आमच्या फोंड्यातल्या केरीच्या शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर घ्या. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर जी तबकडी अंतराळात गेली, तिच्यात त्यांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटं. कुणी ऐकलीच तर ऐकणाऱ्याला ना बाईंचा चेहरा दिसणार, ना त्यांचा तो दरारा. नुसता स्वर. आणि तेवढ्यात सगळं आहे. ज्या गाण्याला उभं राहायला चित्र लागतं ते गाणं मला थोडं अशक्तच वाटतं. 'डॉन कोरस' मी डोळे मिटून ऐकलं. त्याला काही लागत नाही. म्हणून त्याच्यावर दृश्य चढवायची गरज काय होती, हे मला अजून कळलेलं नाही.

वाळपईची

दुर्भाटकाका, त्याच तबकडीत शंभराहून जास्त चित्रंही कोरून पाठवलीत. पाठवणाऱ्यांनाही नुसता आवाज पुरेसा वाटला नव्हता. केसरबाईंचा स्वर चित्रांशेजारी ठेवल्याने लहान झाला का? नाही ना. मग यॉर्कचा का व्हावा?

दुर्भाट

शेजारी ठेवणं वेगळं आणि वर चढवणं वेगळं, बाय. त्या तबकडीत भैरवी वाजताना कुणी दुसऱ्याच माणसांना पळताना दाखवत नाही. चित्र चित्राच्या जागी, गाणं गाण्याच्या जागी.

बेसगिटार_मडगाव

तुम्ही सगळे फिल्मवर भांडताय, मला ॲल्बमच अर्धा पटलेला आहे. रॉक गायकाने बँड सोडून लॅपटॉपसमोर बसावं आणि आपण त्याला थोर म्हणावं? ॲल्बममध्ये सगळ्यांत जिवंत गाणं कुठलं? 'इम्पॉसिबल नॉट्स'. का? कारण तिथे रेडिओहेडचा फिल सेल्वे ड्रम्सवर बसलाय आणि बेस माणसाच्या बोटांनी वाजतोय. त्या गाण्यात धावताना दम लागल्यासारखं होतं. बाकी ठिकाणी यंत्र आहे आणि यंत्राबरोबर कण्हणारा माणूस आहे. माझ्या मते फिल्म लोकांना आवडली ती याचसाठी, ॲल्बममध्ये नसलेली माणसं तिथे दिसली. डझनावारी माणसं एकमेकांवर रेलतायत, ढकलतायत, एकमेकांना सावरतायत. बँडचं काम नर्तकांनी केलं.

मांडवीकाठ (पणजी)

बेसगिटार बाब, एकट्याने केलं म्हणून कमी, हे गोव्यातल्या माणसाने तरी म्हणू नये. १९८४ साली आपल्या रेमो फर्नांडिसने 'गोअन क्रेझी' हा ॲल्बम घरात चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर केला, वाद्यं स्वतःच वाजवली. त्यात बँड नाही म्हणून कुणाला चुटपुट लागली? एकटेपण कधी कधी कामाचा विषयच असतो. 'ॲनिमा'मध्ये माणूस यंत्रात अडकलाय, म्हणून यंत्र ऐकू यायलाच हवं.

पण तुमचं शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. नर्तकांनी माणसं पुरवली, हे खरंच आहे. आणि म्हणूनच फिल्म ॲल्बमपेक्षा वेगळी कलाकृती आहे. तिला तिच्या गुणावर पुरस्कार द्या. ग्रॅमी पुरस्कारवाल्यांनीही संगीतपटाच्या गटात फिल्मला आणि अल्टरनेटिव्ह संगीताच्या गटात ॲल्बमला वेगवेगळी नामांकनं दिली होती. आपणही तेवढं वेगळं धरू या.

साखळीकार

मी या चर्चेतला सगळ्यांत लहान असेन. २०१९ला कॉलेजात होतो, रेडिओहेडचं एक गाणं सोडून काही माहीत नव्हतं. अँडरसनचं नाव बघून फिल्म लावली. त्यातून ॲल्बम, ॲल्बमवरून 'द इरेझर', मग मागे जात जात रेडिओहेड पूर्ण. मांडवीकाठ यांच्या नियमाने गेलो असतो तर पडदा बंद ठेवून नऊ गाणी मी ऐकलीच नसती, तिसऱ्या गाण्यावर सोडून दिली असती. आज 'लास्ट आय हर्ड' माझं आवडतं आहे, आणि ते फिल्ममध्ये नाही. फिल्मने मला सहा गाण्यांपासून तोडलं नाही, त्यांच्यापर्यंत नेलं. तुम्हा जुन्या मंडळींना आवाजाची ओळख आधीपासून होती, आम्हाला नव्हती, एवढं तरी धरा.

एक तक्रार माझीही आहे. तीनच गाणी का? यॉर्कने २०२५मध्ये इलेक्ट्रॉनिक संगीतकार मार्क प्रिचर्डबरोबर 'टॉल टेल्स' ॲल्बम केला, त्याला जोनाथन झवाडाची चित्रं पूर्ण ॲल्बमभर आहेत. तिथे कुठलंच गाणं मागे पडत नाही. 'ॲनिमा'ला ते मिळालं असतं तर हा वादच उरला नसता.

साऊंडवाला_म्हापसा

'टॉल टेल्स' मी बघितला. पूर्ण वेळ चित्र असल्यामुळे मला एकही गाणं वेगळं आठवत नाही. माझ्यासाठी तीनवर थांबले हेच बरं झालं.

बेसगिटार_मडगाव

माझं एकच राहिलंय. यंत्र ऐकू यायलाच हवं म्हणता ना? मग त्या अर्थाने ॲल्बमचं मुख्य गाणं 'द ॲक्स' आहे. समोरचं यंत्र बोलत नाही, आपल्यात काही ठरलं होतं असं वाटत होतं, आणि आता कुऱ्हाड घ्यावीशी वाटते. अख्ख्या ॲल्बमचा राग तिथे आहे. ते फिल्ममध्ये का नाही? वाळपईच्या ताईंनी सांगावं.

वाळपईची

कारण त्या गाण्यात माणूस जागचा हललेला नाही. तो यंत्रासमोर उभा राहून भांडतो आणि यंत्र ढिम्म. तिथे शरीराला जायला जागा नाही, त्यामुळे नाच बसवला तर तो खोटा दिसेल. अँडरसनने तीन गाणी निवडली ती तीनही चालण्याची आहेत, गाडी, घसरण, रस्ता. ही निवड ॲल्बम नीट ऐकलेल्या माणसाची आहे. 'द ॲक्स' वगळण्यात मला त्या गाण्याबद्दलचा आदर दिसतो. तुम्हाला उपेक्षा दिसत असेल तर पुढच्या वेळी साऊंडवाले भाईंच्या सबवर ते लावू या, आणि माझ्यासमोर एक पाऊल टाकून दाखवा.