अनुभव धागा : दोघांच्या लांब परदेश सहलीचा शेवटचा दिवस

जायच्या तयारीवर पुण्यात हवे तेवढे सल्ले मिळतात. मित्रमैत्रिणीबरोबर तीन-चार आठवडे हिंडून झाल्यावर परतीच्या दिवशी काय करायचं, ते फारसं कोणी सांगत नाही. दोघांचं सामान, पैसे आणि फोटो तोवर एकमेकांत मिसळून गेलेले असतात. प्रवासवर्णन नको, उपयोगी पडेल अशी नेमकी माहिती लिहा.

कोथरूडहून
आदल्या रात्री दोन्ही बॅगा पलंगावर ओता आणि नव्याने भरा. हातात धरून तोलायचा काटा जवळ असलाच पाहिजे. तिकिटावर २३ किलोची बॅग लिहिली असेल तर ती मर्यादा दर बॅगेला असते. एक २६ आणि दुसरी २०, ही सरासरी बहुतेक काउंटरवर चालत नाही. मग रांगेतच बॅग उघडावी लागते.

वाटणी करताना एक चूक हमखास होते. युरोपात खरेदीवरचा टॅक्स परत मिळवायचा फॉर्म ज्याच्या पासपोर्टवर केला, ती वस्तू त्याच्याच बॅगेत राहू द्या. फॉर्म एकाचा आणि वस्तू दुसऱ्याच्या बॅगेत, अशा वेळी कस्टम्सने 'दाखवा' म्हटलं की पंचाईत होते. वस्तू न वापरलेली हवी, आणि फॉर्मवर कस्टम्सचा शिक्का बॅग चेक-इनला देण्याआधी घ्यायचा. पॅरिसला पाब्लो नावाच्या मशीनवर फॉर्मचा बारकोड दाखवला की काम होतं. लंडनहून परतणाऱ्यांनी ही रांग शोधू नये, तिथली सोय १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. बॅगांची अदलाबदल झाली की ती नेमकी मोठ्या बॅगेच्या तळाशी जाते.

हिंजवडीहून
हिशेब चेक-आउटच्या आधी मिटवा, पण रुपयांचा दर आधी ठरवा. गूगलवर दिसणारा दर कार्डाला मिळत नाही. साडेतीन टक्के मार्कअप (परकी चलनातल्या खर्चावर बँक लावते ते शुल्क) असलेल्या क्रेडिट कार्डावर त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे एकूण सुमारे ४.१३ टक्के. १,००० युरोंचं हॉटेल एकाच्या कार्डावर असेल तर ४१ युरो त्याच्याच अंगावर पडतात. म्हणून मोठे खर्च कार्डाच्या स्टेटमेंटवर आलेल्या रुपयांतच मांडा.

भाड्याची गाडी घेतली असेल तर हिशेब 'पूर्ण मिटला' म्हणू नका. इटलीत शहराच्या जुन्या भागात परवानगीशिवाय गाडी गेली की कॅमेरा नंबर टिपतो, आणि दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनीही येऊ शकते. ती गाडी ज्याच्या नावावर होती त्याला येते. दंड निम्मा-निम्मा, हे निघण्याआधीच बोलून घ्या. गाडी परत देताना चारही बाजू, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा यांचे फोटो काढा. टाकी भरल्याची पावतीही जपून ठेवा.

नाणी इकडे कुणी बदलून देत नाही. विमानतळावरच्या दुकानात आधी सगळी नाणी द्या, उरलेली रक्कम कार्डाने.

सदाशिव पेठेतून
फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, दर्जा उतरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा हॉटेलवर बसून पेनड्राइव्हवर घ्या. घरी आल्यावर 'पाठवतो' म्हणणं महिनोन्‌महिने चालतं.

तिकिटावर १४ तारखेला ००:४० असेल तर १३ च्या रात्री विमानतळावर हजर असायचं आहे. हा घोळ फार होतो.

वाकडहून
भारतात दुसरीकडे उतरून पुढे पुण्याचं विमान असेल तर सामान साधारणपणे तिथेच पट्ट्यावरून उचलून कस्टम्स ओलांडून पुन्हा द्यावं लागतं. ड्यूटी-फ्रीची बाटली तेव्हाच मोठ्या बॅगेत टाका. देशांतर्गत तिकीट वेगळं काढलं असेल तर सहसा १५ किलोच चालतात, त्यामुळे २३ च्या बॅगेला जादा पैसे पडतात.

मुंबईहून टॅक्सीने येणार असाल तर सीएनजीची सेदान नको. डिकीत सिलिंडर असतो, मोठ्या बॅगा मावत नाहीत. मोठी गाडी सांगा आणि थांबे दोन आहेत हेही बुकिंगच्या वेळीच सांगा. समजा एक जण वाकडचा आणि दुसरा हडपसरचा, तर एक्स्प्रेस-वेने येताना वाकड आधी लागतं आणि हडपसर शेवटी, म्हणून वाकडवाल्याची बॅग डिकीत सगळ्यात शेवटी चढवा.